घाटाखालची माणसं

कर्जतला माणूस गेला की अजूनही घरचेच धावतात. कुणी बांबू आणतं, कुणी मडकं, कुणी लाकडांचं बघतं. भावकीतला एखादा जाणता तिरडी बांधायला बसतो आणि सुतळी सैल धरली म्हणून पोरांवर खेकसतो. उल्हासच्या काठी सरण पेटतं, दहाव्याला नदीकाठीच कावळ्याची वाट पाहतात. पावसाळ्यात पाणी चढून गेलं की कोण कुठं जळलं याची खूणही राहत नाही. नावाचा दगड उभारण्याचा आमच्यात रिवाज नाही. म्हणून कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांतली गेलेली माणसं शोधायची तर मसणवट्यात जाऊन भागत नाही, डोंगराकडं बघावं लागतं.

सिद्धगड तसा मुरबाडच्या हद्दीतला, पण तिथं पडले ते आमचे. माथेरानात जन्मलेले वकील भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील. बेचाळीसच्या आंदोलनात विजेचे मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता पोलिसांनी २ जानेवारी १९४३च्या पहाटे जंगलात गाठला. दरवर्षी त्या पहाटे थंडीत कुडकुडत लोक तिथं जमतात. हौतात्म्याची ही एक गोष्ट तरी आम्ही नीट जपली.

खोपोलीत पाताळगंगेच्या काठी गगनगिरी महाराजांची समाधी आहे. ते २००८ साली गेले, तिथं गर्दी कायमची. वर बोरघाटात, जुन्या रस्त्यावर, शिंग्रोबा. सांगतात, या धनगरानं इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवली. बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि साहेबानं गोळी घातली. कथेला कागदाचा आधार शोधत बसू नये. ट्रकवाले आजही खिडकीतून नाणं टाकतात. लोकांनी वाटाड्याचा देव केला, हे मला पटतं.

पण वाट दाखवणाऱ्याला देऊळ, आणि वाट खणणाऱ्यांना?

बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ला सुरू झालं आणि १८६३ला गाडी धावली. १८६१च्या सुमारास बेचाळीस हजारांवर माणसं या कड्यांवर राबत होती. पहार, सुरुंग, डोक्यावर पाटी. उंच कड्यावर दोराला लोंबकळत कातळाला भोकं पाडायची. त्यात पटकी आली की तांड्याच्या तांडा आडवा. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं येऊन काही आठवड्यांतच १८५९च्या अखेरीस वारला. त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, कंत्राट हातात घेऊन काम तडीस नेलं. बाईचं कौतुक पुस्तकांत सापडतं, आणि ते रास्तच आहे. मजुरांतल्या एकाचंही नाव मला आजवर कुठं वाचायला मिळालेलं नाही. त्यांना कुठं पुरलं, कुठं जाळलं, की दरीतच सोडलं? पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागून ढकलणारी इंजिनं जोडली जातात, तेवढ्यात आपण वडापाव घेतो आणि त्यांच्या हाडांवरून घाट चढतो.

अलीकडचं सांगायचं तर २०२३चा पावसाळा. १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरच्या ठाकरांच्या वाडीवर दरड आली. रस्ता नव्हता, यंत्रं चढेनात. बचावपथकं चिखलातून चालत गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. सापडलेल्यांतल्या अनेकांवर वरच अंत्यसंस्कार झाले. २३ जुलैला शोध थांबला. इर्शाळवाडी तेव्हापासून गाव राहिली नाही, तिचंच थडगं झालं. वाचलेल्यांना चौक गावाजवळ पक्की घरं मिळाली, तीही इतकी माणसं गेल्यावर.

दरडीनंतर दोनच आठवड्यांनी, २ ऑगस्टला, त्याच चौकच्या परिसरातल्या आपल्या स्टुडिओत कलादिग्दर्शक नितीन देसाई गेले. प्लायवूड आणि प्लास्टरमधून किल्ले, महाल उभे करणाऱ्या या माणसाला त्याच आवारात अग्नी दिला गेला. त्या पावसात आमच्याकडं वर्तमानपत्र उघडायचीच भीती वाटायची.

सिद्धगडाला स्मारक आहे, शिंग्रोबाला नाणी आहेत. घाटातल्या मजुरांसाठी पळसदरीच्या फलाटावर एक काळा दगड बसवावा, एवढंच मागणं आहे. नावं मिळणार नाहीत, हरकत नाही. १८५६ ते १८६३ हा घाट खणताना मेलेले मजूर, एवढं मराठीत कोरलं तरी पुरे. कर्जत-खालापूरकरांनी रेल्वेकडं तसा अर्ज करावा. पहिली सही माझी घ्या.