चार हातांवर

डिसेंबरची पहाट, बदलापूर स्टेशन. उल्हास नदीवरून येणारं धुकं फलाटावर पसरलेलं. गाडीचा दिवा दिसण्याआधी रुळांचा आवाज येतो. सकाळची शमा, म्हणजे आम्हा यहुद्यांची रोजची प्रार्थना, म्हणायची वेळ नेमकी कधी सुरू होते, यावर आमच्या जुन्या रब्बींनी बराच खल केला आहे. मिश्ना या ग्रंथात एक मत असं की निळा धागा आणि पांढरा धागा वेगळे ओळखू यायला लागले, की. तालमूदमधलं दुसरं मत मला जास्त जवळचं: चार हातांवर उभा असलेला ओळखीचा माणूस ओळखता आला, की वेळ झाली. घड्याळ नाही, सूर्यही नाही, माणसाचा चेहरा. धुक्यातून एक लाल स्वेटर पुढे सरकतो. माझ्या डब्यातली रोजची बाई. ती हात हलवते. मी मनात शमा सुरू करते.

*

घराच्या दाराला उजव्या चौकटीवर मेझुझा आहे. आत चामड्याच्या गुंडाळीवर शमाच्या ओळी. बाहेर पडताना बोटं टेकवायची आणि ओठांना लावायची. कुलूप, डबा, छत्री, पास, या सगळ्या घाईत एक श्वासभर हात वर जातो. विसरले तर जिन्यात आठवतं, आणि मी परत वर येते. त्या परत येण्यात गाडी चुकली तरी मला वाईट वाटत नाही.

*

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी आमच्याकडची कथा. पोथ्या समुद्रात गेल्या. मग कित्येक पिढ्या ना सिनेगॉग, ना तोरा, ना रब्बी. उरलं काय? शनिवारी घाणा बंद ठेवणं, म्हणून गावानं नाव दिलं 'शनिवार तेली'. आठव्या दिवशी मुलाची सुंता. आणि शमाची एक ओळ. बारसं असो, लग्न असो, मयत असो, तीच ओळ म्हणायची.

लहानपणी मला याची लाज वाटायची, इतकं थोडं उरलं म्हणून. आता वाटतं, त्या लोकांनी धर्म घाण्यात, चुलीत आणि पाळण्यात ठेवला, म्हणून तो बुडाला नाही.

*

अंबरनाथचा मासळी बाजार. पाटीवर सुरमई, पापलेट, शेजारी कोळंबी आणि शिंगाळा. खवलं आणि पर असलेला मासा आम्हाला चालतो, बाकीचे नाही. बाहेरचा यहुदी दाविद राहाबी कोकणात आला तेव्हा त्यानं आमच्या बायकांसमोर सगळे मासे एकत्र ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले. त्यावरून त्यानं ओळखलं, ही आपली माणसं. ही गोष्ट आजी मासे निवडतानाच सांगायची. त्यामुळे पाटीपुढे वाकलं, की मला ती आठवते. कोळीण विचारते, "कोलंबी नको?" मी नको म्हणते. ते 'नको'सुद्धा प्रार्थनेसारखंच वाटतं.

*

ठाण्याच्या आमच्या सिनेगॉगचं नाव 'शआर हाशामाईम', स्वर्गाचं दार. १८७९ सालचं. पनवेलचं 'बेथ एल', १८४९ सालचं, म्हणजे देवाचं घर. दोन्ही नावं तोरातल्या एकाच गोष्टीतली. याकोब घर सोडून निघालेला, रात्र झाली म्हणून वाटेतच दगड उशाला घेऊन झोपला. स्वप्नात शिडी दिसली. जागा झाल्यावर तो म्हणाला की देव इथेच होता आणि मला ठाऊक नव्हतं.

तो तीर्थाला गेला नव्हता. रात्र झाली म्हणून थांबला होता. एका बाजूला ठाणे, दुसऱ्या बाजूला पनवेल, आणि आम्ही बदलापूरकर. रोज वाटेतच असतो.

*

रब्बी मेईर यांचं सांगणं, माणसानं दिवसाला शंभर बेराखा, म्हणजे आभाराची वचनं, म्हणाव्यात. भाकरीची वेगळी, झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. वीज चमकली तर एक, गडगडाट झाला तर दुसरी. इंद्रधनुष्याची आहे, सुगंधाची आहे, शौचाहून आल्यावर शरीर नीट चाललंय म्हणून म्हणायचीही आहे. मोजायला बसले तर माझ्या साठही होत नाहीत. पण मोजायला बसलं, की दिवस वेगळा दिसायला लागतो.

*

मलिद्याचं ताट. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाहूच्या नावानं नवस फेडायचा, नाहीतर लग्नाआधी, नव्या घरात. एकेक फळ उचलून त्याची बेराखा. केळं झाडाच्या फळांत धरत नाहीत, जमिनीच्या फळांत धरतात. का, हे मला पुस्तकाआधी परसातल्या केळीनं शिकवलं होतं: घड उतरवला की खोड तोडायचं, पुढच्या वर्षी बुंध्यातून नवा कोंब. बेराखा म्हणायची तर आधी हातातलं फळ कुठून आलं ते बघावं लागतं.

*

जून. स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानांवर जांभळांचे वाटे लावून बसल्यात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. वर्षातून एकदा येणारं फळ पहिल्यांदा खाताना 'शेहेहियानू' म्हणतात: आम्हाला जिवंत ठेवलंस, या दिवसापर्यंत आणलंस. आई गेली त्या वर्षी ती म्हणताना गळा दाटला. जांभूळ हातात तसंच राहिलं. मग म्हटली, आणि खाल्लं.

*

२६ जुलै २०१९, शुक्रवारची रात्र. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. शनिवारी बोटींनी सुमारे १,०५० माणसं सुखरूप बाहेर काढली. आमच्याकडे संकटातून वाचलेल्यानं दहा जणांसमोर उभं राहून 'गोमेल' म्हणायचं असतं, आणि ऐकणाऱ्यांनी उत्तर द्यायचं असतं. एकट्यानं म्हणून भागत नाही. त्या शनिवारी आमच्या जिन्यातही गुडघाभर पाणी होतं. शेजारच्या काकींनी वरच्या मजल्यावर सगळ्यांसाठी खिचडी टाकली होती. गोमेल कुणीच म्हटलं नाही, पण आपण कुणामुळे वाचलो ते त्या ताटांपाशी प्रत्येकाला ठाऊक होतं.

*

उल्हासनगरात कापड घ्यायला जाते ते एक सिंधी दुकान. शटर वर गेलं, की काका आधी उंबऱ्याला हात लावतात, झूलेलालच्या तसबिरीपुढे अगरबत्ती, मग पहिली नोट कपाळाला. फाळणीनंतर त्यांच्या वडिलांना इथल्या निर्वासितांच्या छावणीत जागा मिळाली. १९४९ मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. दार उघडताना त्यांचा हात खाली जातो, माझा चौकटीवर. आम्ही यावर कधी बोललो नाही. बोलायचं काय, दोघांनाही दिसतं.

*

शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, लागतो; सूर्य मावळायच्या आत घर गाठायचं, ही आठवड्याची मोठी शर्यत. अंबरनाथला गाडी थांबली की विमकोचा कारखाना आठवतो. लहानपणी घरात तिथल्याच काड्यापेट्या असायच्या. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, वात. शब्बाथची काडी ओढली, की डोळ्यांवर हात घ्यायचे. तेलाचा वास येतो. एकेकाळी या तेलावर घर चालायचं, आणि याच्यासाठीच एक दिवस घाणा थांबायचा.

*

सणाला ठाण्याला गेले होते. माणसं थोडी, बाकं जास्त. बरेच जण इस्राएलला गेले. प्रार्थना संपल्यावर हातबोशी: हजाननं, म्हणजे प्रार्थना सांगणाऱ्यानं, जवळच्याचे हात हातात घेतले, दोघांनी आपापली बोटं ओठांना लावली, मग त्यानं पुढच्याचे, तसं करत करत शेवटच्या बाकापर्यंत. माझ्याजवळ आलेल्या म्हातारीला नीट दिसत नव्हतं. तिनं माझे हात चाचपले, घट्ट धरले, आणि विचारलं, "बदलापूरची ना तू?"