सीटबेल्ट लावा... आता काढा!

मुंबई-नागपूर फ्लाइटमध्ये आपण काय काय करतो? पेपर चाळतो, महागडं सँडविच खातो, एखादी डुलकीही काढतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर एक विमान असं आहे, की त्यात यातलं काहीच जमत नाही. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा प्रवास टाइमटेबलप्रमाणे दोन मिनिटांचा आहे. अंतर? फक्त २.७ किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीसुद्धा याहून लांब आहे, बोला!

जगातली ही सगळ्यात छोटी नियमित विमानसेवा. लोगनएअर कंपनीने ती १९६७ मध्ये सुरू केली. वारा मनासारखा असेल तर दोन मिनिटंही लागत नाहीत. स्टुअर्ट लिंकलेटर या पायलटचा विक्रम आहे ५३ सेकंदांचा. आपल्याकडे एवढ्या वेळात सिग्नलही सुटत नाही.

विमानही अगदी घरगुती. ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, दोन पंख्यांचं, आठेक प्रवाशांचं. ना एअर होस्टेस, ना टॉयलेट. नशीब जोरावर असेल तर थेट पायलटच्या शेजारची सीट मिळते. विमान उंच जाण्याच्या भानगडीत पडतच नाही. खाली समुद्राची चिंचोळी पट्टी दिसते, तोवर समोर दुसरी धावपट्टी आलेली असते.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा अंतराला विमान कशाला, चैन आहे नुसती! पण पापा वेस्ट्रेवर जेमतेम नव्वदेक माणसं राहतात. त्यांच्यासाठी हे विमान म्हणजे आपली एसटी. बेटाबेटांवर शिकवणारे शिक्षक, डॉक्टर, पेशंट, शाळेची मुलं, सगळे यातूनच जातात. दोन बेटांमध्ये छोटी बोटही आहे, पण उत्तरेकडचा समुद्र खवळला की तिचा भरवसा नाही. नुसत्या तिकिटांवर असा मार्ग चालणं कठीण, म्हणून सरकारी पैशाचा टेकू लागतो. डॉक्टर आणि शाळा आवाक्यात राहिली, तरच तरुण कुटुंबं बेटावर टिकतात. आपल्याकडे मुक्कामाची एसटी बंद झालेल्या गावाला विचारा, ते हे चटकन समजावून सांगेल.

म्हणूनच, केवळ ‘मी बसलो’ सांगण्यासाठी जाऊन त्याच विमानाने परत फिरू नका. बेटावर नॅप ऑफ हॉवर नावाची दगडी घरं आहेत, पाच हजार वर्षांहून जुनी, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. त्यांच्या बुटक्या दारातून वाकून आत जाता येतं. उन्हाळ्यात उत्तरेकडच्या माळावर आर्क्टिक टर्न पक्षी घरटी करतात. जवळ गेलात तर थेट डोक्यावर झेप घेतात, तेव्हा टोपी हवीच. मुक्कामाला गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं हॉस्टेल आहे, दुकानही तिचंच. तिथे खर्च केलेला पैसा बेटावरच राहतो.

कसं जाल?
ब्रिटनचा व्हिसा काढून एडिंबरा किंवा ग्लासगो गाठा. तिथून विमानाने ऑर्कनीचं मुख्य गाव कर्कवॉल. पुढे छोट्या विमानाने वेस्ट्रे आणि मग ती दोन मिनिटं. सीट्स मोजक्याच असतात, तेव्हा बुकिंग आधी करा. धुकं पडलं तर विमान उडत नाही, म्हणून हाताशी एक दिवस जादा ठेवा. आणि कॅमेरा आधीच सुरू करा. बॅगेतून काढेपर्यंत पोचलेले असाल!