तोबरा

त्या टांगेवाल्याचा तोबरा, झूल, लगाम आणि लाकडी गव्हाण सरकारी हुकुमाने रॉकेल ओतून माझ्यासमक्ष जाळण्यात आली आणि पंचनाम्याखाली सही माझी होती. या गोष्टीला पुष्कळ वर्षे लोटली, तरी घोड्याच्या नाकाचा विषय निघाला की मला प्रथम त्या जळत्या कातड्याचा वास येतो.

परळच्या महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडून मी एका तालुक्याच्या गावी गुरांच्या दवाखान्यावर रुजू झालो होतो. घोडी सहा वर्षांची. डाव्या नाकपुडीतून पिवळा पू वाहत होता आणि त्याच बाजूची जबड्याखालची गाठ टणक झाली होती. दौऱ्यावर आलेल्या वरिष्ठांनी अड्ड्यावर उभ्याउभ्याच तिला पाहिले आणि 'ग्लँडर्स' एवढा एक शब्द उच्चारून माणसालाही लागणाऱ्या या सांसर्गिक रोगाविषयीच्या १८९९ च्या कायद्यान्वये तिला ताब्यात घेण्याचे फर्मावले. टांगेवाला पुनःपुन्हा सांगत होता, "सायेब, म्हैना झाला, ही उजव्याच अंगानं चावतीया. गवताचं बोळं करून टाकतीया. दाढंचं दुखणं हाय." त्याचा बाप सालोतरी, म्हणजे घोड्यांचा वैद्य होता, परंतु त्याचे हे म्हणणे जबाबात उतरवून घ्यावे असे कारकुनाला वाटले नाही आणि मलाही वाटले नाही.

मॅलीनची सुई अजून टोचायची होती, म्हणजे रोगाचा निर्णयच व्हायचा होता. तरी जाळपोळ त्याच दुपारी झाली. तोबरा जुन्या कातड्याचा, तळाशी दोन ठिगळे लावलेला. तो लवकर पेटेना, तेव्हा शिपायाने काठीने उलटा केला आणि आतली मूठभर चंदी निखाऱ्यांवर सांडून तडतडू लागली. ती पाहून टांगेवाला जो खाली बसला, तो घोडीला नेतानाच उठला. परवाना जप्त झाला तो निराळाच.

खालच्या पापणीत मॅलीन टोचून अठ्ठेचाळीस तासांनी पाहिले, तो डोळा स्वच्छ. सूज नाही, चिपडे नाहीत. मग मात्र मी पहिल्या दिवशीच करायला हवे होते ते केले. दोन्ही नाकपुड्यांपुढे आळीपाळीने नाक नेले: उजव्या बाजूचा श्वास गवताचा, डाव्या बाजूचा कुजका. गालाच्या हाडावर बोटाने टिचकी मारली, तर उजवीकडे पोकळ आवाज, डावीकडे भरल्या मडक्याचा. घोड्याच्या वरच्या मागील दाढांची मुळे गालाच्या हाडातील विवरात गेलेली असतात आणि त्या विवराची नाकात उघडणारी वाट इतकी अरुंद असते, की दाढ किडली म्हणजे पू आत साचतो आणि थोडाथोडा एकाच बाजूने ठिबकत राहतो. हे मला परीक्षेत लिहिता आले होते. जबडा उघडून पाहिला, तर चौथी दाढ उभी चिरलेली आणि फटीत गवत. एका नाकपुडीतून दुर्गंधी येत असेल तर दप्तर उघडण्याआधी जनावराचे तोंड उघडावे, असे मी पुढे प्रत्येक नव्या डॉक्टराला सांगत आलो.

क्लोरल देऊन घोडीला पेंढ्यावर आडवे केले, डोळ्याखाली पावलीएवढी हाडाची चकती काढली आणि वरून ठोकून दाढ तोंडात पाडली. पू इतका आला, की माझा मदतनीस अंगणात जाऊन ओकला. नंतर तीन आठवडे त्या भोकातून मिठाचे कोमट पाणी सोडावे आणि ते नाकपुडीतून निवळ बाहेर येते की काय ते पाहावे, असा क्रम चालला.

वरिष्ठांचा मला फार दिवस संताप होता. पुढे दुसऱ्या जिल्ह्यात खरा ग्लँडर्स पाहिला: नाकातल्या पडद्यावरचे व्रण, मधासारखा चिकट स्राव, आणि त्या घोड्याच्या मोतद्दाराला लागलेला ताप. त्या रात्री मला वाटले, की त्यांनी जाळले ते योग्यच केले. मी असतो तर मीही जाळले असते. पण ते सकाळपर्यंतच टिकले. जाळावे, परंतु निर्दोष ठरल्यावर भरून द्यावे, एवढे तरी कोणत्या कायद्यात बसत नव्हते?

टांगेवाल्याने तिकीट लावून नुकसानीचा अर्ज केला होता. लिहून मीच दिला होता. तो चार महिन्यांनी 'सदर बाब नियमात बसत नाही' असा शेरा घेऊन परत आला. तो द्यायला मी अड्ड्यावर गेलो, तेव्हा घोडी गोणपाटाच्या तोबऱ्यात तोंड घालून दोन्ही अंगांनी चघळत होती. टांगेवाल्याने कागद घेतला, उलटसुलट केला आणि मला विचारले, "सायेब, हिथंबी अंगठा लावायचा का?"