बेअरिंगचा नंबर

मंडळी, आजचा विषय वाचून काहीजण म्हणतील, सरांचं काहीतरी बिनसलंय. जन्मभर समास आणि प्रयोग शिकवलेल्या माणसाने मोटारसायकलच्या चाकातल्या बेअरिंगवर लिहायचं म्हणजे जरा अतीच. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून रोज सकाळी कुणीतरी दुचाकी काढून बाहेर पडतं, आणि ते परत येईपर्यंत आपण घड्याळाकडे बघत असतो. म्हणून लिहितोय.

आमचा नातू चाकणला नोकरीला आहे. गाडी ३५० सीसीची, चाकं तारांची. तारांच्या चाकात ट्यूब असते, आणि ट्यूब पंक्चर झाली की हवा एकदम जाते. एकदा रात्री साडेअकराला हायवेवर तसं झालं आणि त्याने ठरवलं, आता मॅगव्हील बसवायची आणि ट्यूबलेस टायर घालायचे. विचार चुकीचा नव्हता. चाकं बाहेरची, म्हणजे गाडीच्या कंपनीची नव्हेत. दिसायला देखणी. बनवणाऱ्याचं नाव एका स्टिकरवर होतं, तो स्टिकर पहिल्या पावसात गेला.

वर्षभराने पुढच्या चाकातून जात्यासारखी घरघर सुरू झाली. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचललं, वरून आणि खालून धरून हलवलं, तर चक्क टकटक. बेअरिंग गेलं होतं.

आता इथून खरी गंमत. नाना पेठेत दुचाकीच्या स्पेअर पार्टची इतकी दुकानं आहेत की दिवस पुरू नये. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "काका, गाडी कुठली?" गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार त्या गाडीचं बेअरिंग काढून देणार. ते बेअरिंग एक्सलवर छान बसलं. हबमध्ये मात्र शिरेना, कारण गाडी त्या कंपनीची असली तरी चाक त्या कंपनीचं नाही! आणि चाकाचं नाव सांगावं तर ते स्टिकरबरोबर वाहून गेलेलं.

यातून सुटका केली आमच्या जुन्या फिटरने. त्याने निघालेलं बेअरिंग रॉकेलने धुतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "सर, गाडी कशाला विचारताय, याला विचारा ना." बेअरिंगच्या कडेवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ६२०२-२आरएस.

हा नंबर म्हणजे एक छोटंसं व्याकरणच आहे हो. ६ म्हणजे एका ओळीत छर्रे असलेलं साधं खोल खोबणीचं बेअरिंग. त्यापुढचा २ म्हणजे हलकी मालिका, तिथे ३ असता तर जरा दणकट मालिका. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचने गुणायचं. म्हणजे ६२०४ चं भोक २० मिलिमीटर. आता आमचा घोटाळा कळेल. ६२०२ आणि ६३०२ या दोघांचं भोक १५ मिलिमीटरच. पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ३५ आणि जाडी ११, दुसऱ्याचा व्यास ४२ आणि जाडी १३. एक्सल एकच, हब वेगळा.

ही मापं कुठल्या एका कंपनीची नाहीत. आयएसओ १५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात ती ठरलेली आहेत. जपानमध्ये बनलेलं ६२०२ आणि जयपूरमध्ये बनलेलं ६२०२ एकाच जागी बसतं. चाक अनाथ असलं तरी त्याच्या आतलं बेअरिंग अनाथ नसतं, हे कळल्यावर मला केवढं हायसं वाटलं!

मूळ शब्दापुढचे प्रत्यय मात्र नीट बघावे लागतात. झेडझेड किंवा २झेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. पत्र्याचं झाकण आतल्या कडेला टेकत नाही, त्यामुळे पावसाचं पाणी आणि चिखल हळूहळू आत जातो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात चाकाला रबरी सीलचंच हवं. हाच प्रत्यय एनएसकेवाले डीडीयू लिहितात आणि एनटीएनवाले एलएलयू, म्हणून दुकानात अक्षरं वेगळी दिसली तरी घाबरू नये. सी३ लिहिलेलं असेल तर आत छर्ऱ्यांना नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक असते. जुन्यावर असेल तर नवंही तसंच मागावं.

नंबर घेऊन गेलो, बेअरिंग मिळालं. डबीवर मोठ्या कंपनीचं नाव, किंमत निम्मी. नातू खूश. आठ आठवड्यांत पुन्हा घरघर.

फिटरने डबी बघितली आणि हसला. डबीवरची छपाई पुसट, बेअरिंगवरची अक्षरं नखाने खरवडली तर निघत होती. बाजारात नकली बेअरिंगं भरपूर आहेत, काही तर जुनीच घासूनपुसून नवीन नावाने विकतात. एसकेएफने तर ग्राहकांना फोटो पाठवून खात्री करता यावी म्हणून मोबाइलवर ॲप काढलंय, यावरूनच समजा. आपल्यासारख्याने साधा नियम ठेवावा. स्पेअर पार्टच्या दुकानात नव्हे, अधिकृत वितरकाकडे जायचं, पूर्ण नंबर सांगायचा आणि पक्कं बिल मागायचं. बिल म्हटल्यावर ज्याचा चेहरा बदलतो त्याच्याकडून घेऊ नये. खऱ्या बेअरिंगची किंमत चाकाच्या किमतीपुढे काहीच नाही.

(जाता जाता एक. एसकेएफ ही स्वीडनमधल्या गोथेनबर्गची, १९०७ सालची कंपनी. स्वेन विंगक्विस्ट हा तिचा संस्थापक कापडगिरणीत इंजिनिअर होता. आपल्या चिंचवडला तिचा कारखाना आहे, हे पुणेकरांना सांगायला नको. याच कंपनीने १९१५ साली बेअरिंगसाठी एक नाव नोंदवलं होतं, व्होल्वो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी फिरतो'. मोटारी नंतर आल्या. भाषेच्या माणसाला असली माहिती मिळाली की दिवस सार्थकी लागतो. असो.)

तर वितरकाकडून खरं बेअरिंग आणलं, बसवलं. आणि तीन महिन्यांनी तेही बोलू लागलं.

आता मात्र मी धास्तावलो. पुढचं चाक म्हणजे खेळ नव्हे. बेअरिंग पार तुटलं तर चाक डगमगतं, अडकलं तर त्याहून वाईट, आणि हा मुलगा रोज ट्रक-कंटेनरच्या गर्दीतून जातो. सूनबाईंनी तर गाडीची किल्लीच काढून घेतली. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

फिटरने तेव्हा एक साधी गोष्ट केली. चाक गाडीवर चढवलं, एक्सलचा नट ढिला ठेवून हाताने फिरवलं, तर भिरभिर फिरलं. नट पूर्ण आवळला, तर चाक जड. पुन्हा ढिला, पुन्हा हलकं. "बेअरिंगचा दोष नाही सर, आतली नळी आखूड आहे."

चाकाच्या हबमध्ये दोन बाजूंना दोन बेअरिंगं असतात आणि त्यांच्यामध्ये एक लोखंडी नळी, स्पेसर. नट आवळला की सगळा दाब बेअरिंगांच्या आतल्या कड्यांवर येतो, आणि तो दाब या नळीने पेलायचा असतो. नळी आखूड असेल तर आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, बाहेरच्या कड्या हबमध्ये जागच्या जागी, आणि छर्रे मध्ये तिरके चेपले जातात. मग जगातलं सर्वोत्तम बेअरिंग आणा, ते मरणारच. व्हर्नियर लावून मोजलं. हबमधल्या दोन बैठकांमधलं अंतर जेवढं, त्यापेक्षा नळी ०.६ मिलिमीटर कमी. नखाच्या जाडीएवढा फरक, आणि त्यापायी तीन जोड बेअरिंगं गेली.

भोसरीच्या एका टर्नरने लेथवर नवी नळी करून दिली, बैठकांच्या अंतरापेक्षा केसभर जास्त लांबीची. बसवण्याची रीतही मी उभा राहून पाहिली. हब गरम पाण्याच्या फडक्यांनी तापवला, बेअरिंगं रात्रभर फ्रीजमध्ये (सूनबाईंच्या लोणच्याशेजारी). ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे हबची जागा जरा मोकळी होते. ठोकायचं ते फक्त बाहेरच्या कडीवर, आतल्या कडीवर हातोडा पडला की घाव छर्ऱ्यांवर. आधी एक बेअरिंग पूर्ण बसवायचं, मग नळी, मग दुसरं बेअरिंग नळीला टेकेपर्यंतच, पुढे नाही. बेअरिंग बोटाने ढकलून आत जात असेल तर हब सैल आहे असं समजावं. अशा वेळी काही गॅरेजवाले पंच मारून तात्पुरतं घट्ट करतात, त्यावर विसंबू नये. बुश घालून घ्यावा, नाहीतर चाक बदलावं.

या गोष्टीला आता सात महिने झाले, त्यात एक अख्खा पावसाळा गेला. दर रविवारी नातू चाक उचलून हलवतो, फिरवतो, कान लावतो. पुढचं चाक गप्प आहे. किल्ली परत मिळाली.

मागच्या चाकाचं अजून व्हायचंय. तिथे हबमध्ये दोन आणि चेनच्या चक्राच्या बैठकीत आणखी एक, असं तिसरं बेअरिंग आहे, आणि त्याचा नंबर वेगळा आहे. तो मी फिटरकडून डायरीत लिहून घेतलाय. दिवाळीनंतर गाडी उघडायची. यावेळी नळी आधी मोजणार, बेअरिंग नंतर आणणार.