मानपाडा कुठला?

ठाण्यात रिक्षावाल्याला "मानपाडा" म्हटलं की तो घोडबंदर रोडला नेतो. डोंबिवली पूर्वेला हाच शब्द उच्चारला की रिक्षा मानपाडा रोडला लागते. दोघंही बरोबर! नाव एकच, पण त्याचा अर्थ तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतो.

संगणकाचंही तसंच. आमच्या शेजारचा एक मुलगा कल्याणला कॉलेजात शिकतो. मित्राने दिलेली बिल्ड स्क्रिप्ट त्याने उबुंटूवर चालवली, तर उत्तर आलं, "पायथन: कमांड नॉट फाउंड". पायथन तर मशीनवर होतं! त्याने दोनदा पुन्हा इन्स्टॉल करून पाहिलं. शेवटी चेहरा पाडून म्हणाला, "काकू, मला नाही जमणार हे. शाखाच बदलतो."

खरं तर प्रश्न त्याच्या हुशारीचा नव्हताच. आपण नुसतं 'पायथन' म्हणतो तेव्हा संगणक अख्खी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याकडे 'पाथ' नावाची फोल्डरांची यादी असते. त्या क्रमाने तो एकेका दारात डोकावतो. त्या नावाचा जो पहिला भेटेल, त्यालाच घेऊन येतो. यादी संपली की "सापडलं नाही" सांगून मोकळा!

त्यात नावाचा घोळ. पायथन ३ आलं २००८ साली आणि पायथन २ चा आधार संपला १ जानेवारी २०२० ला. म्हणजे अकरा वर्षं दोघांचा एकत्र संसार. उबुंटू २०.०४ पासून, मुद्दाम सोय केली नसेल तर, नुसत्या 'पायथन' हाकेला कुणी ओ देत नाही. 'पायथन३' म्हणावं लागतं. टर्मिनलवर 'व्हिच पायथन३' विचारलं, तर पत्ता लगेच मिळाला. स्क्रिप्टमध्ये तो एक आकडा घातला आणि गाडी सुटली.

मला वाटतं, थोडी जबाबदारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचीही आहे. काहीजण पहिल्या ओळीत आपल्याच मशीनवरचा पूर्ण पत्ता कोरून ठेवतात. सगळ्यांची घरं आपल्यासारखीच मांडलेली असतात का? त्यापेक्षा 'एन्व्ह'मार्फत 'पायथन३'ला नावाने हाक मारावी, आवृत्ती तपासावी, आणि नाहीच मिळालं तर काय शोधलं ते साध्या शब्दांत सांगावं.

असो. "सापडलं नाही" याचा अर्थ "नाही" असा होत नाही, एवढं पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं, तर कितीतरी मुलं स्वतःला ढ समजायची थांबतील.