गडग्यावरचे शेवाळ

कोकणातल्या घरात शेवाळ हा शब्द सहसा तक्रारीच्या सुरात येतो. आषाढ लागला की न्हाणीच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर, वझूच्या दगडाभोवती हिरवा बुळबुळीत थर चढतो. मग ब्लीचिंग पावडर, चुन्याची फक्की, हिराचा खराटा यांची शोधाशोध सुरू होते. एखाद्या घराला शेवाळ चढले म्हणजे तिथे बाईमाणूस उरले नाही, असाही अर्थ गावात काढला जातो. अशा मुलखात आम्ही दोघी जावा गेली काही वर्षे मुद्दाम शेवाळ जपतो, हे ऐकून लोक हसतात. हसण्यासारखे त्यात आहेच. पण सांगण्यासारखेही थोडे आहे.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या गावात. एकेकाळी या घरात दोन वेळचे चौदा माणसांचे ताट वाढले जाई. मग एकेक पुरुष आखातात गेला, मुले मुंबईला, मुंब्र्याला गेली. आता घरात आम्ही दोघी आणि आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही अम्मी म्हणतो. परसाच्या उत्तरेला जांभ्या दगडाचा जुना गडगा आहे. ना चुना, ना सिमेंट. दगडावर दगड बसवून रचलेला. त्याच्यावर फणसाची गर्द सावली. पलीकडे विहीर आणि न्हाणीच्या पाण्याचा पाट. ऊन तिथे सकाळी थोडे तिरपे येते, तेवढेच. या गडग्यावरच आमचे शेवाळ आहे.

शेवाळ म्हणून आपण ज्या सगळ्याला नावे ठेवतो, ते एक नाही, हे आम्हांला निगा करता करता कळत गेले. फरशीवर पाय घसरतो तो चिकट, काळपट-हिरवा थर वेगळा. गडग्यावरचे शेवाळ मखमलीसारखे, उशीसारखे फुगीर असते. जवळून पाहिले तर ती हजारो इवली रोपे असतात. प्रत्येकाला खोड, प्रत्येकाला पाने. फक्त खरी मुळे नसतात. मुळांसारखे बारीक धागे असतात, ते दगड धरून ठेवण्यापुरते. पाणी ते पानांनीच पिते आणि अन्न उजेडावर स्वतः तयार करते. म्हणून त्याला खत लागत नाही. दगडाला ताक फासले की शेवाळ येते, असे सांगणारे भेटतात. पण ताक हे शेवाळाचे अन्न नव्हे. त्यावर आधी धरते ती बुरशी.

जांभा त्याला मानवतो. हा दगड सच्छिद्र. पावसाचे पाणी पोटात धरून ठेवतो आणि सावलीत हळूहळू सोडतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने शेवाळाने काय करायचे? ते वाळते. पाने मिटून घेते, तपकिरी होते, हाताला कुरकुरीत लागते. पाहणाऱ्याला वाटते, मेले. पण मिरगाची पहिली सर पडली की काही मिनिटांत तेच पान उलगडते आणि हिरवे होते. अम्मी दरवर्षी ते बघायला काठी टेकत पडवीत येतात आणि "सुब्हानल्लाह" म्हणून परत आत जातात.

लावायचे म्हटले तर काम अवघड नाही, धीर मात्र हवा. श्रावणात, हवा सतत ओली असताना, घराच्याच ज्या पायरीवरून शेवाळ काढायचे असते तिथले उलथन्याने अलगद, पातळ चकतीसारखे सोडवायचे. नवा दगड ओला करून त्यावर ते बसवायचे आणि तळहाताने चांगले दाबायचे. दगड आणि शेवाळ यांच्यात पोकळी राहिली की ते वाळून सुटते. उभ्या दगडावर सुती दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे. चकतीचा चुरा झाला तरी फेकायचा नाही. त्याच्या बारक्या तुकड्यातूनही नवे रोप उठते. जंगलातून, सड्यावरून खरवडून मात्र आम्ही कधी आणत नाही. तिथे ते जमायला किती पावसाळे लागले असतील!

त्यानंतरची निगा म्हणजे मुख्यतः राखण. फणसाची पाने त्यावर साचू द्यायची नाहीत. खालचे शेवाळ उजेडावाचून कुजते. पाने हाताने वेचायची, खराटा चालवायचा नाही. कोंबड्या तर त्याच्या वैरी. किड्यांसाठी पायाने उकरून त्या अर्ध्या तासात वर्षाचे काम उधळतात, म्हणून गडग्यापुढे काट्यांचे कुंपण घातले आहे. चैत्र-वैशाखात ऊन फिरते तेव्हा माडाचा झाप आडवा लावतो. आमच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ होते. ते शिंपडले तर वाळल्यावर पानांवर क्षार राहतात. म्हणून पागोळ्यांचे पाणी दोन पिंपांत साठवतो आणि संध्याकाळी शिंपडतो. न शिंपडले तरी शेवाळ मरत नाही, निजते. तेव्हा पाणी कमी पडले तर आधी माणसांचे, मग त्याचे, हा हिशेब आमच्या घरात ठरलेला आहे.

दुसराही एक हिशेब ठरलेला आहे. अम्मींचे वय ऐंशीच्या पुढे. वझूची जागा, न्हाणीची पायरी आणि विहिरीकडची वाट या तिन्ही ठिकाणी आम्ही हिरव्याचा ठिपकाही राहू देत नाही, रोज घासतो. घराच्या भिंतीवरही राहू देत नाही, कारण तिथे ते ओल धरून ठेवते आणि ओल आत माजघरापर्यंत येते. शेवाळाला जागा आहे ती गडग्यावर. आवडीपोटी म्हाताऱ्या माणसाचे हाड मोडले, तर त्या आवडीला काय अर्थ?

गेल्या वर्षी थोरलीच्या मुलाचा दुबईहून फोन आला. त्याचे लग्न ठरते आहे. म्हणाला, "अम्मी, चाची, तो गडगा पाडून सिमेंटच्या ब्लॉकची भिंत घालू या. वर प्लास्टर, रंग. पाहुणे आले की घर बंद पडल्यासारखे दिसायला नको." त्याचे म्हणणे चूक नव्हते. आमच्या मोहल्ल्यात कुलूप लागलेली घरे आता मोजावी लागतात. त्यांच्या खळ्यात, पायऱ्यांवर, दाराच्या उंबऱ्यावरही शेवाळ आहे. मुलाच्या डोळ्यांसमोर तीच घरे होती. आपले घर त्यांत मोडू नये, म्हणून तो तिकडे राबून पैसे पाठवतो. त्याला नाही कसे म्हणायचे? आणि नव्या सिमेंटमध्ये चुन्याचा अंश इतका तीव्र असतो की अशा भिंतीवर हे शेवाळ कित्येक वर्षे धरणार नाही, हेही आम्हांला ठाऊक होते.

धाकटीची मुलगी पुण्यात शिकते. हा विषय घरात चालू असताना तिने जपानमधल्या क्योतो शहरातल्या साइहोजी या बौद्ध मठाची माहिती काढून दिली. तिथली बाग १३३९ साली मुसो सोसेकी या भिक्षूने नव्याने रचली. त्या रचनेत शेवाळ नव्हते. पुढे मठाला देखभाल झेपेना, तेव्हा ओल आणि सावली यांनी आपले काम केले आणि सगळी जमीन शेवाळाने झाकली. आज तिथे सुमारे १२० प्रकारचे शेवाळ आहे. १९७७पासून तिथे आधी परवानगी घेऊनच जाता येते, आणि १९९४ साली ते जागतिक वारसा यादीत आले. दुर्लक्षातून उगवलेल्या त्या शेवाळावरची पाने आता माणसे नेमाने झाडतात.

आम्ही मुलाला एवढेच सांगितले की कुलूपबंद घरावर शेवाळ सगळीकडे चढते, वाटेवरही आणि उंबऱ्यावरही. आपल्याकडे ते जिथे ठेवले तिथेच आहे. ते कुठे ठेवायचे आणि कुठून काढायचे हे रोज ठरवायला घरात माणसे आहेत. पाहुण्यांना ते दिसेल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग पुढच्या बाजूला भिंत आणि फाटक करायचे आणि उत्तरेचा गडगा तसाच ठेवायचा, असे ठरले. मात्र त्याने एक प्रश्न विचारला, आणि तो आम्हांला अजून सुटलेला नाही: "तुमच्या मागे हे कोण बघणार?"

आमच्या कब्रस्तानातल्या जांभ्याच्या दगडांवरही पावसाळ्यात असेच शेवाळ येते. कबरीवरचे हिरवे उपटू नये, असे वडीलधारे सांगत आले. तिथे ते कोणी लावत नाही आणि कोणी काढतही नाही. घराचे तसे नसते.

म्हणून मुलाची होणारी दुल्हन घरात येईल तेव्हा तिला सांगायच्या गोष्टी आम्ही ठरवून ठेवल्या आहेत. पाने हाताने वेचायची. गडग्याजवळ चुना टाकायचा नाही. कोंबड्या आवरायच्या. वाळलेले पाहून मेले असे समजायचे नाही, मिरगापर्यंत थांबायचे. आणि वझूचा दगड रोज घासायचा.