पट्टी पुढेच सरकते

‘एलिट डेंजरस’ या गेममध्ये आपल्या आकाशगंगेची खऱ्या आकाराची प्रतिकृती आहे. 400 अब्ज तारे. त्यात माझा आणि माझ्या रूममेटचा जीव मात्र एकाच यंत्रात अडकलेला: फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह. जहाज एका उडीत किती प्रकाशवर्षं जाणार हे त्याच्यावर ठरतं. ते सुधारायचं तर डेसिआट नावाच्या ताऱ्यापाशी फेलिसिटी फारसीर या इंजिनिअर बाईंकडे जायचं. बाई फुकट दार उघडत नाहीत. आधी एक मेटा-अलॉय आणून द्या म्हणतात.

2016मध्ये ही इंजिनिअर मंडळी गेममध्ये आली तेव्हा सगळा कारभार फाशांवर होता. साहित्य द्यायचं, बटण दाबायचं, पडेल ते दान बघायचं. पाचव्या ग्रेडच्या एका प्रयत्नाला आर्सेनिक, केमिकल मॅनिप्युलेटर्स आणि डेटामाइन्ड वेक एक्सेप्शन्स लागायची. हे शेवटचं म्हणजे निव्वळ छळ. उडी मारून गेलेल्या जहाजांच्या मागे उरलेल्या खुणा स्कॅन करत स्टेशनबाहेर ताटकळायचं. एवढं करून आलेला आकडा आधीपेक्षा वाईट असू शकायचा. साहित्य गेलं ते गेलंच.

लोकांनी यावर काढलेले उपाय बघण्यासारखे होते. डाव्ज होप नावाच्या ओसाड वस्तीत गाडी फिरवून माल गोळा करायचा, लॉगआउट करायचं, परत यायचं. माल पुन्हा तिथेच हजर. अख्खी आकाशगंगा समोर, आणि आम्ही हॉस्टेलच्या वायफायवर त्याच वस्तीला प्रदक्षिणा घालतोय.

फेब्रुवारी 2018मध्ये, 3.0 आवृत्तीत, फ्रंटियरने हे बदललं. आता प्रत्येक प्रयत्नाला पट्टी पुढेच सरकणार. कधी बोटभर, कधी वीतभर, पण मागे नाही. मटेरियल ट्रेडर आले. वरच्या दर्जाचा एक नग हवा तर खालचे सहा द्या. वरचा एक दिलात तर खालचे तीन मिळतील. दर सावकारी, पण आधी कळणारा. बदल्यात प्रत्येक नवा भाग पहिल्या ग्रेडपासून चढवणं आलं. पूर्वी थेट पाचवीला हात घालता यायचा.

मला हे मिळमिळीत वाटलं, अजूनही थोडं वाटतं. जुन्या पद्धतीत कधीतरी असा आकडा लागायचा की रात्री दोन वाजता अख्खी विंग जागी व्हायची. (जुने भाग काढून घेतले नाहीत, एवढी दानत कंपनीने दाखवली.) रूममेट मात्र खूश. त्याचं म्हणणं, “तुला फाशांची मजा वाटते, कारण तुला पडतात.”

त्याच वर्षी कॅम्पसला कंपन्या आल्या. माझं पहिल्याच आठवड्यात झालं. तो अ‍ॅप्टिट्यूड काढायचा, जीडीत टिकायचा आणि शेवटच्या फेरीत गळायचा. पुढच्या कंपनीला पुन्हा शून्यापासून. डिसेंबरपर्यंत सात वेळा. सातव्यांदा परत आला तेव्हा टाय न काढताच त्याने गेम सुरू केला आणि एक लेझर पहिल्या ग्रेडपासून चढवायला घेतली. मी शेजारी बसून बघत होतो.

“सरकतीये बघ,” तो म्हणाला. “दर इंटरव्ह्यूला एवढीशी सरकली असती ना, तरी चाललं असतं मला.”

मी म्हटलं, मेस बंद होईल, चल जेवायला.

त्याने उरलेलं साहित्य मोजलं. एका प्रयत्नापुरतं होतं.

“हो पुढे,” तो म्हणाला. “एवढं करून आलोच.”